गेटवाल्याने केलेला बंपर

दोन वर्षांत माझा नवरा हॉस्पिटलखेरीज घराबाहेर कुठेही गेला नव्हता. मणक्याचं ऑपरेशन झालं, कमरेखालचं अंग गेलं, ते परत येणार नाही हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं आणि आम्ही दोघांनीही ते गिळलं. मला गिळवत नव्हतं ते दुसरंच. बेंगळुरात जे. पी. नगरातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, खाली उतार आहे, बॅटरीवर चालणारी चांगली खुर्ची घरात आहे, आणि हा साठीचाही न झालेला माणूस सकाळी पेपर, दुपारी टीव्ही आणि संध्याकाळी गॅलरीतून रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवणं एवढ्यावर दिवस ढकलत होता. मी शाळेतून आले की विचारायची, "अहो, खाली एक चक्कर मारू या का?" उत्तर ठरलेलं. "उद्या बघू."

खरं कारण मला ठाऊक होतं. हॉस्पिटलातून घरी आणलं त्या दिवशी वॉचमन आणि दोन शेजारी यांनी मिळून त्याला गाडीतून उचलून खुर्चीत ठेवलं. चांगल्या मनाने केलं बिचाऱ्यांनी. पण तिघांचे तीन सल्ले, एकाने काखेत धरलेलं, एकाने पायजम्याला. पायजमा सरकला, आणि गेटपाशी जमलेल्यांतलं कोणीतरी "अय्यो, पापा", बिचारा, म्हणून चुकचुकलं. घरात आल्यावर तो भिंतीकडे बघत म्हणाला, "यापुढे मला लोकांसमोर कोणी उचलायचं नाही. तूसुद्धा नाही." तीस वर्षं कारखान्यात वेल्डिंग तपासणारा माणूस हा. त्याने नाही म्हटलं की माल फाटकाबाहेर जात नसे. त्याला लोकांनी पोत्यासारखं उचललं होतं. मला त्याचा राग कळत होता. पण राग धरून किती वर्षं बसायचं, सांगा की!

हे कारण तो पुन्हा कधी बोलला नाही. बोलून दाखवायचं कारण वेगळं होतं: खुर्ची कुठे ठेवणार?

त्यात खोटं काही नव्हतं. आमची जीप जुनी, फोर व्हील ड्राइव्हची, त्याने सेकंडहँड घेऊन स्वतः उभी केलेली. रविवारी पहाटे डबा घेऊन कनकपुरा रोडच्या बाजूला कुठल्यातरी दगडधोंड्यांच्या वाटेला लागायचं आणि एखाद्या तळ्याकाठी बसून इडली खायची, हे आमचं वर्षानुवर्षं चाललेलं. आता जीप मीच चालवते. पण मागे आडव्या सीटा, मागच्या दारावर स्टेपनी, आणि खुर्चीचं वजन जवळपास सिमेंटच्या पोत्याएवढं. ती आत जात नाही म्हणजे नाही. सगळ्यांनी सांगितलं, जीप विकून टाका, मोठ्या दाराची गाडी घ्या. मी म्हटलं, आधी माझा नवरा विका, मग जीप.

एकदा असाच वाद चालला होता तेव्हा तो हसून म्हणाला, "खुर्ची न्यायची सोय कर, मग बघू." सोय होणार नाही याची त्याला पक्की खात्री होती. माझ्यासमोर असं बोलणं ही त्याची चूक झाली. मी मल्लेश्वरममधल्या एका शाळेत पी.टी. शिकवते. रोज मेट्रोने जाते, दीडशे मुलींना शिट्टीवर पळवते, आणि 'होणार नाही' हे उत्तर पाऊस पडत असला तरच ऐकून घेते. मनात म्हटलं, थांबा आता. तुमचं कारणच काढून टाकते, मग बघते काय सांगताय ते.

डोक्यातला बेत सरळ होता. जीपचा मागचा बंपर म्हणजे नुसता पत्रा. तो काढायचा, तिथे जाड लोखंडाचा दणकट बंपर बसवायचा. त्या बंपरला एका बाजूला दारासारखा फिरणारा हात, त्यावर स्टेपनी. आणि मधोमध खुर्ची मावेल एवढा कट्टा, त्याला बिजागरीवर उघडणारी एक फळी. फळी खाली टेकवली की खुर्ची स्वतःच्या बॅटरीवर चढणार, मग फळी उचलून अडकवायची, खुर्ची पट्ट्याने बांधायची, की निघालो. परिवहन कार्यालयात जाऊन आधी विचारून आले, अर्ज केला. दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाता कामा नये, एवढं त्यांनी बजावलं.

वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेलं आयटीतलं एक जोडपं राहतं. त्यातली ती म्हणाली, "काकू, कशाला एवढा त्रास? ऑनलाइन रेडिमेड मिळतो ना, डायरेक्ट फिट होतो." मी भुलले आणि मागवला. खोका उघडला तर आत चकचकीत काळा पाइप. गुडघा टेकवून जरा दाबला तर मधे खळगा! भोकं जीपच्या भोकांना जुळेनात ते वेगळंच. डोक्यात अशी तिडीक गेली की तो परत पाठवेपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही.

शेवटी शाळेतल्या शिपायाने चामराजपेटमधल्या एका फॅब्रिकेशनवाल्याचं दुकान सांगितलं. गल्लीत आत, एका बाजूला फुलांच्या हारांचं दुकान, दुसऱ्या बाजूला शिवणयंत्रं दुरुस्त करणारा, मधे हा. फाटकं, खिडक्यांचे गज, पाण्याच्या टाकीची स्टँडं असलं करायचा. पांढऱ्या मिशांचा म्हातारा, घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरातलं, पण घरात मराठी बोलणारं. मी मूळची बेळगावची, त्यामुळे तासाभरातच मी त्यांना अण्णा म्हणायला लागले आणि ते मला अक्का. चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन ते उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "सरी, अक्का, बरं. करून देतो की. गेट उभं असतंय, हे आडवं. एवढाच फरक."

हे वाक्य ऐकून मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण कोणीतरी सरळ 'करून देतो' म्हणालं याचाच मला एवढा आनंद झाला होता.

तीन शनिवार मी तिथे पाय रोवून उभी राहिले. घरी सांगायचं, शाळेत खेळांची तयारी आहे. ग्राइंडरच्या ठिणग्या, शेजारच्या मोगऱ्याचा वास, आणि अण्णांचं प्रत्येक गोष्टीला "स्वल्प थांबा" म्हणणं. माझी टुमणी काही कमी नव्हती. फळी पाव इंच रुंद करा. बिजागरी आणखी जाड लावा. आणि सगळ्यात मोठं टुमणं गुळगुळीतपणाचं. वेल्डच्या रेघा खडबडीत दिसल्या की मी ओरडायची, "अण्णा, हे घासा. हात फिरवला तर कुठेही टोचता कामा नये." तेही गेटवाले. घासणं, पुट्टी भरणं, वरून रंग मारणं यात त्यांचा हात कोण धरणार? शेवटच्या शनिवारी बंपर असा दिसत होता की सांधा कुठे आहे ते शोधूनही सापडेना. अण्णांनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली, मी जीप पुढे घेतली, लिंबं फुटली, आणि त्या गल्लीतून बाहेर पडताना मला वाटलं की मी जिंकले.

नवऱ्याला तळघरातल्या पार्किंगमध्ये आणायला तेवढी अडचण नव्हती. दुपारची वेळ, खाली चिटपाखरू नव्हतं, लिफ्ट थेट तिथे उतरते. मी म्हटलं, "डोळे मिटा." तो म्हणाला, "नाटकं पुरेत." खुर्ची वळून जीपच्या मागे आली आणि थांबली.

तो बराच वेळ बघत राहिला. मी वाट बघत होते, आता हसेल, मग म्हणेल, काय गं बाई तू! त्याने हात पुढे करून स्टेपनीच्या हाताच्या मुळाशी बोट फिरवलं. मग खिशातून किल्ली काढली आणि त्या काळ्याभोर, चकचकीत रंगावर खरवडायला लागला.

"अहो! काय करताय?"

रंगाखालून पांढरी पुट्टी निघाली. पुट्टी भुसासारखी खाली सांडली, आणि आत एक चीर दिसली, किल्लीचं टोक जाईल एवढी.

"वेल्ड कुठे आहे यात?" तो म्हणाला. "जो होता तो घासून टाकलाय. वर आलेली रेघ ही ताकद असते गं. ती सपाट केली, भोकं पुट्टीने बुजवली. हे फाटक आहे. फाटकावर कोणी धक्के देत नाही. पहिल्या खड्ड्यात हा हात स्टेपनीसकट मागच्या गाडीवर जाऊन पडेल. स्कूटरवाला असला तर मेला तो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन शनिवार! उन्हात उभी राहून, खोटं बोलून, कानात ग्राइंडर वाजवून घेऊन! "दोन वर्षं घरात बसून राहिलात," मी म्हटलं, "आणि आता बाहेर आलात ते खोट काढायला?"

"घासायला कोणी सांगितलं त्याला?"

"मी सांगितलं!"

"का?"

"तुमच्या पायाला धार लागली, चिरलं, रक्त आलं, तरी तुम्हाला कळणारसुद्धा नाही म्हणून!"

पार्किंगमध्ये आवाज घुमला. एवढ्या मोठ्याने हे वाक्य मी आजवर घरातही बोलले नव्हते. खरवडलेल्या जागेवर त्याने परत बोट ठेवलं आणि म्हणाला, "वर चल."

दोन दिवस आमच्यात मीठ दे, गोळ्या घेतल्या का, एवढंच बोलणं. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्याकडून अण्णांचा नंबर घेतला आणि फोन लावला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. हा कन्नडमध्ये समजावतोय, सांधा असा उघडा, कडा अशा तासा, दोन थर द्या, मधला मळ साफ करा. पलीकडून प्रत्येक वाक्याला "सरी सार, सरी सार." याने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. "सगळ्याला सरी म्हणतो. याच्या डोक्यात एक अक्षर गेलेलं नाही. आणि वर असं केलंय तर खाली सांगाड्याला कसं जोडलंय कोण जाणे."

"मी शनिवारी जाऊन सांगते."

"तुला सांगता येणार नाही." मग खिडकीकडे बघत, "मी येतो."

मी हातातली उलथणी खाली ठेवली. बोलले असते तर रडले असते, आणि मी रडले असते तर तो आला नसता.

अटी होत्या. पार्किंगमध्ये कोणी नसेल तेव्हाच सीटवर बसवायचं. काचा वर. स्टेपनी काढून मागच्या सीटवर टाकायची. खुर्ची न्यायची नाही, कारण त्या बंपरवर तो टॉवेलसुद्धा वाळत घालणार नव्हता. आणि तिथे गेल्यावर उतरणार नाही. काच चार बोटं खाली करून अण्णांशी बोलणार आणि परत. मी सगळ्याला "सरी" म्हटलं. तो हसला नाही.

शनिवारी सकाळी मी त्याला खुर्चीतून उचललं आणि पुढच्या सीटवर बसवलं. हात माझ्या गळ्यात, माझे हात त्याच्या पाठीखाली आणि गुडघ्यांखाली. घरात रोज करते तेच, फक्त सीट उंच. पट्टा लावला, पाय सरळ केले. चामराजपेटपर्यंत तो नुसता बाहेर बघत होता. मेट्रोचे खांब, नवी दुकानं, जुन्या दुकानांच्या नव्या पाट्या. एका सिग्नलला म्हणाला, "इथला पेट्रोल पंप कुठे गेला?" मी म्हटलं, "गेला." बस्स.

दुकानासमोर जीप मागे घेऊन लावली. अण्णा धावत आले, आतला माणूस बघून दोन्ही हात जोडले. याने काच चार बोटं खाली केली आणि सुरू झाला. वरचे सांधे अण्णांना पटले. पुट्टीचा भुगा हातावर घेऊन त्यांनी बघितला, आणि प्रामाणिक माणूस, मान खाली घालून म्हणाले, "गेटाला चालतंय सार. हे मला सुचलं नाही." मग खालचा प्रश्न आला. सांगाड्याला बोल्ट लावलेत की वेल्ड?

"दोन्ही, सार. ताकदीसाठी."

"वेल्ड आडवा मारलाय की उभा? कोपऱ्यात चीर दिसते का?"

अण्णा जीपखाली गेले. बाहेर आले. "मस्त आहे, सार."

"मस्त म्हणजे काय?"

"स्ट्राँग, सार."

मी मोबाइल काढला. "थांबा, मी फोटो काढून दाखवते." काढला. याने तो मोठा करून, फिरवून बघितला आणि परत दिला. "फोटोत सगळ्यांचेच वेल्ड चांगले दिसतात. वाजवून बघावं लागतं." अण्णा पुन्हा खाली गेले, हातोडीने ठाक ठाक वाजवलं. हा कान देऊन ऐकत होता. "तिथे नाही हो. आणखी आत. नाही, त्याच्या मागे." चार वेळा असं झालं. फुलवाली हार गुंफता गुंफता आमच्याकडे बघायला लागली. समोर एक ऑटोवाला थांबला, त्याला काही काम नव्हतं. शिवणयंत्रवालाही पायरीवर येऊन उभा राहिला.

मी वळून गाडीत बघितलं. त्याने दोन्ही हातांनी सीटची कड धरली होती आणि तो समोर बघत होता. कपाळावर घाम. मला वाटलं आता म्हणेल, घरी चल. गाडीची किल्ली माझ्या हातातच होती. मी म्हणणार होते, राहू दे, जाऊ या, झालं एवढं पुष्कळ झालं. देवाशपथ, शब्द ओठांवर आले होते.

"दार उघड," तो म्हणाला.

"अहो, खुर्ची नाही आणलेली."

"माहीत आहे. खाली पोती टाकायला सांग. मला आडवं व्हायचंय."

अण्णांनी चाकांना विटा लावल्या, पोती अंथरली, वर पुठ्ठा टाकला. मी दार उघडलं. ऑटोवाला पुढे आला, शिवणयंत्रवाला पुढे आला, चार हात एकदम पुढे आले. मी शाळेच्या मैदानावरचा आवाज काढला, "कोणी हात लावायचा नाही!" सगळे जागच्या जागी थांबले. पण तो म्हणाला, "अगं, एकटीने कमर मोडून घेशील. दोघं येऊ देत." आणि त्या अनोळखी माणसांना त्याने स्वतः शांतपणे सांगितलं, तुम्ही इथे धरा, तुम्ही गुडघ्याखाली, मी तीन म्हणेन तेव्हा. एक, दोन, तीन. भर बाजारात, लखलखीत उन्हात, गल्लीतल्या एकूण एक माणसासमोर आम्ही त्याला उचललं आणि रस्त्यावर पोत्यांवर ठेवलं. पायजमा थोडा सरकलाच. त्याने तो एका हाताने वर ओढला आणि दुसरा हात अण्णांपुढे केला. "बॅटरी द्या. हातोडी द्या."

मग हातांनी रेटत रेटत तो जीपखाली गेला. पाय तेवढे बाहेर राहिले. मी जमिनीवर बसून ते पाय सरळ केले, मधे काही येऊ नये म्हणून दोन्ही घोटे धरून ठेवले. त्यांना काही कळत नव्हतं, मला कळत होतं. वर सरकताना त्याची पाठ जोर लावायची, तो जोर माझ्या हातांपर्यंत यायचा. ठाक. ठाक. मग बारीक, पाठोपाठ. आणि खालून आवाज, कारखान्यातला, मी जवळजवळ विसरले होते तो: "अण्णा, इकडे या. आडवे व्हा माझ्या शेजारी. हे ऐका. आता हे ऐका. फरक कळतो का?" अण्णा सत्तरी ओलांडलेले, धोतर खोचून पलीकडून खाली शिरले. दोघं शेजारी शेजारी आडवे. "हो की सार," अण्णांचा आवाज आला. यावेळी ते सरी म्हणाले नाहीत.

मला इतका आनंद झाला होता की राग आल्यासारखं वाटत होतं. दोन वर्षं! ज्यासाठी मी फळ्या, बिजागऱ्या आणि आख्खं तळं तयार ठेवलं होतं, ते या माणसाने एका वाईट सांध्यासाठी केलं होतं. चांगला बंपर केला असता तर हा अजून गॅलरीत बसलेला असता. मी हसत होते की रडत होते ते फुलवालीलाच ठाऊक.

तेवढ्यात मार्केटकडून पिशव्या घेऊन येणारी एक बाई माझ्यापाशी थबकली. जीपखालून बाहेर आलेले ते निपचित पाय, ते धरून रस्त्यावर बसलेली मी, माझे ओले गाल. तिने पिशव्या खाली टाकल्या आणि तोंडावर हात नेला. "अय्यो! एनायतु, अक्का?" काय झालं म्हणून.

"काही झालं नाही," मी तिला कन्नडमध्ये सांगितलं. "माझा नवरा काम करतोय."

"अगं, गप्पा काय मारत बसलीस," खालून आवाज आला. "खुणा करायला खडू दे लवकर."